रोडस्टर मोटारीतील आसनांमागील सामानकप्पा

रोडस्टर म्हणजे दोन आसनांची, उघड्या टपाची हलकी मोटार होय. अशा मोटारीत आसनांची पाठ आणि मागील आस यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी राहते. तिचा उपयोग सामान ठेवण्यासाठी करता यावा म्हणून जी पेटी, फळी किंवा पिशवी बसवितात, तिला आसनांमागील सामानकप्पा असे म्हणता येईल. सुट्या भागांच्या संचातून जोडलेल्या मोटारींत, म्हणजेच किट कारमध्ये, मूळ आराखड्यात सामानासाठी फारच थोडी जागा असते. त्यामुळे हा कप्पा बहुधा मोटार तयार झाल्यानंतर मालक किंवा कारागीर स्वतंत्रपणे घडवितात. काम वरवर सुतारकामासारखे दिसत असले तरी त्याचा संबंध इंधनटाकी, आसनपट्ट्यांचे आधार, मोटारीचा तोल आणि वाहनविषयक कायदा यांच्याशी येतो. म्हणूनच कप्पा किती मोठा करता येतो यापेक्षा तो कोठे आणि कसा बसविला आहे, याला अधिक महत्त्व आहे.

संज्ञा

मोटारीच्या मागील बाजूस झाकण असलेल्या सामानाच्या जागेला मराठीत सर्रास ‘डिकी’ म्हणतात. आसनांमागील कप्पा डिकीहून वेगळा असतो. डिकी बहुधा मागील आसाच्या वर किंवा त्याच्याही मागे असते आणि बाहेरून उघडते. आसनांमागील कप्पा आसाच्या पुढे किंवा जवळजवळ आसावर असतो आणि तो बैठकीच्या बाजूने किंवा वरून उघडतो. काही रोडस्टरमध्ये दोन्ही असतात, तर लोटस सेव्हनसारख्या मोटारीत स्वतंत्र डिकीच नसते आणि आसनांमागील उथळ जागा हीच सामानाची एकमेव सोय ठरते.

इतिहास

ब्रिटनमधील लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ ही मोटार बाजारात आणली. तिचा आराखडा कॉलिन चॅपमन यांचा होता. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मध्ये दोन आसने आणि आसनांच्या पाठीला लागून मागील आस अशी तिची रचना होती. वजन कमी ठेवणे हे तिचे मुख्य सूत्र असल्याने सामानाचा विचार जवळजवळ केलेला नव्हता. इंधनटाकी मागे असे, सुटे चाक मागच्या पत्र्यावर बाहेरून टांगलेले असे, आणि घडी केलेले कापडी छत ठेवून जी जागा उरेल तीत प्रवाशांनी आपले सामान ठेवावे अशी अपेक्षा होती. सुट्या भागांच्या रूपात विकत घेतलेल्या मोटारीवर त्या काळी ब्रिटनमध्ये खरेदी कर लागत नसे. त्यामुळे अनेक ग्राहक संच घेऊन मोटार घरी जोडत. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तेव्हापासून आजपर्यंत केटरहॅम आणि इतर अनेक उत्पादक त्याच धर्तीच्या मोटारी बनवीत आले आहेत.

याच काळातील इतर रोडस्टरमध्येही आसनांमागील जागेवरून ओढाताण दिसते. एमजीबी या मोटारीत आसनांमागील फळीखाली सुरुवातीला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच बॅटरी आली. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ या मोटारीत आसनांच्या मागे इंधनटाकी आणि तिच्या मागे डिकी अशी मांडणी होती. एसी कोब्रा या १९६२ च्या मोटारीच्या प्रतिकृती अमेरिकेत संचरूपाने मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. त्यांत डिकी असली तरी आसनांमागील अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीत झरोका कापून आसाच्या वरच्या पोकळीत पेटी बसविण्याची पद्धत हौशी मोटारकारांत रूढ आहे. या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते : आसनांमागील जागा रिकामी दिसली तरी तिच्यावर हक्क सांगणारे घटक अनेक असतात.

भारत आणि रायगड जिल्हा

भारतात दोन आसनांच्या उघड्या मोटारींचे उत्पादन तुरळकच झाले. बंगळूरच्या सॅन उद्योगाची ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरग्लासच्या कायेची मोटार त्यांपैकी एक होय. रायगड जिल्ह्यात अलिबाग तालुक्यात गिडो बोथे व शमा बोथे यांनी स्थापन केलेल्या चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने ‘रोडस्टर १.८ एस’ ही मोटार तयार केली. ती लोटस सेव्हनच्या धर्तीवर असून तिची काया फायबरग्लासची आहे. तिच्यात हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसा मोटारीतून भारतीय मेकॅनिकांच्या परिचयाचे झालेले इसुझू घराण्याचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. लहान कारखान्यात, हाताने, थोड्या संख्येने मोटार बनविण्याचे हे महाराष्ट्रातील उल्लेखनीय उदाहरण मानले जाते.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर तालुक्यांत अशा मोटारीच्या सामानकप्प्याची कसोटी लागते. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ (पूर्वीचा क्रमांक १७) या दोन्ही तालुक्यांतून जातो. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे आंबेनळी घाट चढतो, महाडहून भोरकडे वरंध घाट जातो आणि पोलादपूरच्या दक्षिणेस खेडच्या वाटेवर कशेडी घाट आहे. तीव्र वळणे, दीर्घ चढउतार आणि वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस या तिन्ही गोष्टींना उघड्या मोटारीतील सामानाला तोंड द्यावे लागते.

महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२) औद्योगिक वसाहत असून तिच्यात रासायनिक कारखान्यांचे प्राबल्य आहे. रासायनिक कारखान्यांत आम्लाच्या टाक्या, वाफा वाहून नेणारे नळ आणि धूर धुणारे मनोरे यांसाठी फायबरग्लासचा वापर सर्वत्र होतो. मोटारीची पेटी आणि कारखान्यातील टाकी यांची घडण मूलतः एकाच हस्तकौशल्यावर आधारलेली आहे. मात्र दोहोंसाठी लागणारे रेझीन वेगळे असते. टाकीला रसायनरोधक रेझीन लागते, तर सामानकप्प्याला बाजारात ‘जीपी’ म्हणून मिळणारे सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझीन पुरते.

आसनांमागील रचना

कप्प्याचा आराखडा काढण्यापूर्वी त्या जागेत पुढील घटकांपैकी कोणते आहेत हे पाहावे लागते.

१. मागील आस व तिची वरखाली होण्याची मोकळीक. अखंड आसाच्या मोटारीत खड्ड्यात चाक गेले की संपूर्ण आसच वर येते. म्हणून मोटार स्थिर असताना दिसणारे अंतर फसवे असते. आस रबरी थांब्यापर्यंत पूर्ण वर आलेली असताना पेटीचा तळ आणि आसाचा सर्वांत उंच भाग यांत निदान २५ मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे.

२. इंधनटाकी, तिची भरणनळी, वायुनळी आणि इंधनमापकाची जोडणी.

३. आसनपट्ट्यांचे आधार. चार टोकांच्या पट्ट्यांत खांद्यावरील पट्टे आसनांच्या मागे बांधलेले असतात.

४. संरक्षक कमान, म्हणजे मोटार उलटल्यास डोक्याला वाचविणारी नळीची चौकट, आणि तिला मागून धरणारे तिरपे टेके.

५. ब्रेकच्या नळ्या, हातब्रेकची तार, मागील दिव्यांच्या वायरी आणि काही मोटारींत बॅटरी.

६. घडी केलेले छत आणि त्याच्या काड्या.

यांपैकी क्रमांक तीन व चारच्या घटकांना कप्प्यासाठी हलविणे, भोके पाडणे किंवा त्यांना पेटीचा भार टेकविणे सर्वथा वर्ज्य मानले जाते.

कप्प्याचे प्रकार

फळी : इंधनटाकीच्या व आसाच्या वर प्लायवूडची वा पत्र्याची आडवी फळी टाकून तिच्यावर कापडी आच्छादन ओढणे, हा सर्वांत साधा प्रकार. फळी सुटी काढता येत असल्याने टाकीची तपासणी सोपी जाते.

उभी पेटी : आसनांच्या पाठीला समांतर अशी रुंद पण कमी खोलीची पेटी. रुंदी ९० सेंटिमीटर, खोली २० सेंटिमीटर व उंची ३० सेंटिमीटर असलेल्या पेटीचे आकारमान ५४ लिटर होते. दोन माणसांचे एका मुक्कामाचे कपडे व पावसाळी कपडे तीत मावतात.

भिंतीतील कोनाडा : आसनांमागील भिंत कापून तिच्या मागील पोकळीत बसविलेली पेटी. कोब्राच्या प्रतिकृतींत हा प्रकार आढळतो. भिंत केवळ आडोसा आहे की सांगाड्याला ताठपणा देणारा भाग आहे, हे ठरविल्याशिवाय ती कापता येत नाही. सेव्हनसारख्या मोटारीत रिव्हेटांनी ठोकलेला पत्रा नळ्यांच्या चौकटीला पीळ पडू देत नाही. असा पत्रा कापल्यास झरोक्याभोवती जाड पट्टीची चौकट बसवून गेलेली ताकद भरून काढावी लागते.

कापडी पिशवी : कमानीला किंवा स्वतंत्र कड्यांना पट्ट्यांनी बांधलेली जलरोधक पिशवी. तिच्यासाठी मोटारीत कोणताही बदल करावा लागत नाही. कायदेशीरदृष्ट्या हा सर्वांत निर्धोक प्रकार होय.

साहित्य

वरील ५४ लिटरच्या, पुढून उघड्या पेटीचे पृष्ठफळ सुमारे ०.७५ चौरस मीटर भरते. ती १.५ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची केल्यास वजन सुमारे ३ किलो, ३ मिलिमीटर फायबरग्लासची केल्यास सव्वातीन किलोच्या आसपास आणि ९ मिलिमीटर प्लायवूडची केल्यास चार किलोंहून थोडे अधिक होते. वजनातील फरक अल्प असल्याने निवड बहुधा घडणीच्या सोयीवर ठरते.

अ‍ॅल्युमिनियम सरळ कडांच्या पेटीला योग्य. परंतु ते पोलादी सांगाड्याला थेट टेकले आणि मध्ये पाणी साचले तर अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. कोकणातील दमट हवेत हा दोष लवकर दिसतो. म्हणून दोन धातूंच्या मध्ये रबराची पट्टी किंवा सीलंटचा थर द्यावा लागतो. प्लायवूड घेतल्यास ते मरीन प्रतीचे असावे आणि त्याच्या कापलेल्या कडा रंगाने किंवा रेझीनने बंद कराव्यात; पाणी कडेतूनच आत शिरते. फायबरग्लासचा मोठा गुण असा की नळ्या, टेके व चाकांवरील फुगवटे यांना वळसा घालणारा हवा तसा आकार देता येतो आणि तो गंजत नाही.

फायबरग्लासची पेटी घडविण्याची रीत

प्रथम जाड पुठ्ठ्याची नमुनापेटी करून ती जागेवर बसवून पाहतात. आसने पूर्ण मागे सरकवून, छताची घडी घालून आणि मोटार मागून दाबून ती कोठे अडते हे तपासतात. नमुना पक्का झाल्यावर त्यावरून गुळगुळीत सनमायका लावलेल्या फळ्यांचा साचा करतात. पेटी साच्यातून निघावी म्हणून बाजूंना दोन-तीन अंशांचा उतार ठेवतात आणि आतील कोपरे गोलसर करतात. टोकदार कोपऱ्यात काचतंतूंची चटई नीट बसत नाही व तेथे हवेचे बुडबुडे अडकतात.

साच्याला मेणाचे अनेक हात देऊन प्रत्येक हात पुसून चमकवितात. त्यावर जेलकोटचा थर आणि तो बोटाला चिकटण्याइतपत सुकल्यावर ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या चटईचे तीन थर देतात. असा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. वरील पेटीसाठी सुमारे एक किलो चटई आणि तिच्या दोन ते सव्वादोन पट रेझीन लागते. रेझीन जास्त ओतल्याने पेटी मजबूत होत नाही. ती जड व ठिसूळ होते. प्रत्येक थर लोखंडी खाचांच्या रोलरने दाबून हवा बाहेर काढतात.

रेझीन घट्ट होण्यासाठी बाजारात दोन द्रव्ये वेगवेगळी मिळतात : ‘कोबाल्ट’ या नावाने ओळखले जाणारे वेगवर्धक आणि ‘हार्डनर’ किंवा ‘कॅटॅलिस्ट’ म्हणून मिळणारे पेरॉक्साइड. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून भडका किंवा स्फोट होऊ शकतो. आधी वेगवर्धक रेझीनमध्ये पूर्ण ढवळावे आणि नंतरच, काम सुरू करताना, वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर घालावे. उन्हाळ्यात हे प्रमाण एक टक्क्याच्या जवळ ठेवतात, अन्यथा मिश्रण डब्यातच गोठते. एका वेळी ३०० ते ४०० ग्रॅमच मिश्रण करणे श्रेयस्कर. गोठलेले मिश्रण तापते; ते कचऱ्यात न टाकता उघड्यावर निवू द्यावे लागते. हार्डनर डोळ्यांत गेल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते, म्हणून चष्मा व हातमोजे अनिवार्य आहेत. रेझीनमधील स्टायरीनची वाफ ज्वालाग्राही असल्याने काम मोकळ्या हवेशीर जागी आणि वेल्डिंगपासून दूर करतात.

ऋतूचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात महाडच्या हवेत आर्द्रता इतकी असते की चटई ओल शोषून घेते, थर पांढुरके पडतात आणि नीट बांधले जात नाहीत. हे काम नोव्हेंबर ते मे या काळात उरकणे आणि चटईचे गुंडाळे प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवणे हे हिताचे ठरते. कडक झालेली पेटी साच्यातून काढल्यावर कडा कापून घासतात. काचेची ही भुकटी श्वासाबरोबर आत जाऊ नये म्हणून मुखपट्टी लावून, भुकटी पाण्याने बसवीत घासणे योग्य.

बसवणी

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवितात. इंधनटाकीच्या जवळ भोके पाडायची असल्यास टाकी रिकामी करून खाली उतरविणे आवश्यक असते. केवळ रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण उरते. ड्रिलच्या पात्याला लाकडी ठोकळ्याचा किंवा नळीचा थांबा लावल्यास ते गरजेपेक्षा खोल जात नाही.

पेटी रिव्हेटांनी कायमची न ठोकता बोल्टांनी बसवितात, म्हणजे टाकी, आस व ब्रेकनळ्या यांच्या तपासणीसाठी ती काढता येते. सहा मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा एकच बोल्टही सामानाच्या भारापेक्षा कितीतरी मजबूत असतो. तुटते ती बोल्टाभोवतीची पातळ काया. त्यासाठी प्रत्येक बोल्टाखाली मोठ्या व्यासाचा वॉशर आणि पेटीच्या मागे पत्र्याची पट्टी देऊन भार पसरवितात. सांगाड्याच्या मुख्य नळ्यांना भोके पाडण्याऐवजी त्यांना कवळणारे पट्टे वापरतात.

भारविभागणी

सेव्हनच्या धर्तीची मोटार सुमारे ५०० ते ७०० किलो वजनाची असते. तिच्यात २० किलो सामान म्हणजे मोटारीच्या वजनाचे तीन-चार टक्के होत. मोठ्या मोटारीत नगण्य ठरणारा हा भार येथे चालकाला जाणवतो. तो कोठे ठेवला आहे याचा परिणाम तरफेच्या नियमाने काढता येतो.

दोन आसांमधील अंतर २.२५ मीटर धरल्यास मागील आसाच्या २० सेंटिमीटर पुढे ठेवलेल्या २० किलो सामानापैकी १८.२ किलो भार मागील चाकांवर आणि १.८ किलो पुढील चाकांवर येतो. हेच सामान मोटारीच्या मागे बाहेर जोडलेल्या कॅरिअरवर, आसाच्या ६० सेंटिमीटर मागे ठेवले, तर मागील चाकांवर २५.३ किलो भार येतो आणि पुढील चाकांवरचा ५.३ किलो भार उलट कमी होतो. घाटाच्या चढावर पुढील चाके आधीच हलकी झालेली असतात. त्यात सुकाणू आणखी हलके होणे इष्ट नसते. आसनांमागील कप्प्याच्या बाजूने असलेला सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे.

जड वस्तू तळाशी व मधोमध ठेवाव्यात. वळणावर सामान बाजूला सरकू नये म्हणून पेटीत एक-दोन आडोसे किंवा आडवी जाळी लावतात. मागचा भाग दबल्याने पुढील दिव्यांचा झोत वर उचलला जातो, तेव्हा रात्रीच्या प्रवासापूर्वी तो तपासणे आवश्यक ठरते.

अपघातातील सुरक्षितता

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली तर तिची मंदगती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीस पट होते. त्या क्षणी १२ किलोची बॅग सुमारे २३५ किलो वजनाइतक्या जोराने पुढे ढकलली जाते. रोडस्टरमध्ये तिच्या मार्गात आसनाची पाठ आणि बसलेल्या माणसाचा कणा व डोके असते. आसनांच्या पाठी सामानाचा मारा सोसू शकतात की नाही हे पाहण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सतराव्या वाहन नियमावलीत १८ किलोचे ठोकळे मागे ठेवून सुमारे ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेची चाचणी सांगितली आहे. हौशी पद्धतीने बसविलेल्या फायबरच्या हलक्या आसनांची अशी चाचणी बहुधा झालेली नसते.

यावरून काही नियम निघतात. कप्प्याला पुढून दार किंवा घट्ट पट्टे असावेत आणि ते सांगाड्याला बांधलेले असावेत, आसनाला नव्हे. सामान खांद्याच्या रेषेच्या वर रचू नये. जॅक, पाने, हवेचा पंप अशा लोखंडी वस्तू मऊ पिशव्यांत गुंडाळून तळाशी बांधून ठेवाव्यात. पेटीच्या कडा व कड्या डोक्याच्या किंवा पाठीच्या टप्प्यात येऊ देऊ नयेत. आसनपट्ट्या पेटीच्या कडेवरून घासत जात असतील तर पेटीचा आकारच बदलावा. पट्ट्यांचा मार्ग बदलू नये.

इंधन आणि वायुवीजन

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खोलगट जागी साचते. टाकीच्या वर घट्ट झाकणाची पेटी बसवून भोवतालच्या फटी बुजविल्या तर पूर्वी वाऱ्याबरोबर निघून जाणारी वाफ तेथेच कोंडते. म्हणून टाकी व पेटी यांच्यामधील पोकळी बाहेरच्या हवेला खुली ठेवतात आणि पेटीचा तळ मात्र अखंड ठेवतात, म्हणजे वाफ बैठकीत येत नाही. इंधनमापकाच्या जोडणीवर निघणारे झाकण असावे. पेटीत बॅटरी, इन्व्हर्टर किंवा जोडणीचे ठिणगी पाडणारे साहित्य बसवू नये. सुटे पेट्रोल डब्यातून या कप्प्यात नेणे विशेष धोक्याचे आहे. पेट्रोलचा वास येऊ लागल्यास सामान काढून नळ्यांची तपासणी होईपर्यंत मोटार वापरू नये.

पावसाचे पाणी

उघड्या मोटारीत पाणी येणारच, असे गृहीत धरून निचऱ्याची सोय करतात. पेटीच्या तळाला मागे उतार देऊन मागील दोन्ही कोपऱ्यांत १० ते १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडतात व त्यांना रबरी नळ्या जोडून त्या धुराड्यापासून दूर, खाली सोडतात. घाट उतरताना पाणी पुढे येते, तेव्हा पुढच्या कडेला निदान दोन सेंटिमीटरचा उंबरठा ठेवतात. सामान तळाला न टेकता जाळीदार रबरी चटईवर ठेवल्यास कोरडे राहते. कागदपत्रे व विजेची उपकरणे यांसाठी तोंड गुंडाळून बंद होणारी स्वतंत्र जलरोधक पिशवीच भरवशाची.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात निर्दिष्ट केलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. ज्या बदलामुळे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडतो, अशा रचनेतील बदलाला या कलमात ‘फेरफार’ मानले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने घातलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

सुटी काढता येणारी पिशवी किंवा फळी आणि सांगाडा कापून बसविलेला कोनाडा यांत या दृष्टीने मोठे अंतर आहे. सांगाडा, इंधनटाकी, आसनसंख्या किंवा आसनपट्ट्यांचे आधार यांना स्पर्श करणारे कोणतेही काम आधी नोंदणी प्राधिकाऱ्याला विचारूनच करावे लागते. महाड व पोलादपूर तालुक्यांसाठी हे कार्यालय पेण येथे असून त्याचा नोंदणी क्रमांक ‘एमएच ०६’ या अक्षरांनी सुरू होतो. नव्या नमुन्याच्या वाहनाला रस्त्यावर येण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही त्यांपैकी एक होय. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक पेटीने झाकला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. केलेला बदल विमा कंपनीला न कळविल्यास नुकसानभरपाईच्या वेळी वाद उद्भवू शकतो.

नेहमी आढळणारे दोष

मोटार जॅकवर उचललेली असताना मोजमाप घेणे हा सर्वांत सामान्य दोष होय. उचललेल्या मोटारीत आस खाली लोंबते आणि पेटीसाठी असलेली जागा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी दिसते. अशी पेटी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आसावर आपटते. दुसरा दोष म्हणजे पेटी बसविल्यामुळे आसन पूर्ण मागे न सरकणे व उंच चालकाचे गुडघे सुकाणूला लागणे. तिसरा, पेटीच्या मागे गेलेल्या वायरी धारदार कडेवर घासून उघड्या पडणे. भोकांना रबरी बुश लावल्याने तो टळतो. चौथा दोष घडणीचा नसून वापराचा आहे. जागा झाली की ती भरली जाते. म्हणून कप्प्याच्या झाकणाच्या आतील बाजूस कमाल वजन ठळकपणे लिहून ठेवण्याची प्रथा उपयुक्त मानली जाते. आकारमानाने ५४ लिटर असलेल्या पेटीत कपडे भरले तर भार बारा किलोंच्या आसपास राहतो. तिच्यातच हत्यारे भरली तर तो सहज दुप्पट होतो, आणि त्या भारासाठी ना पेटी घडविलेली असते, ना तिच्या पुढचे आसन.

हे सुद्धा पहा

रोडस्टर
लोटस सेव्हन
फायबरग्लास
आंबेनळी घाट
महाड तालुका
मोटार वाहन अधिनियम, १९८८